टाळू, तेल आणि हात : कवटीच्या सांध्यांचा इतिहास

ब्रिटिश काळातील गॅझेटियरांमध्ये तळोद्याची ओळख खानदेशातील इमारती लाकडाची मुख्य पेठ अशी दिलेली आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव खानदेशातील उत्तम बैलगाड्यांसाठीही प्रसिद्ध होते. त्याच नोंदींत व्यापाराची आणखी एक वस्तू आढळते, ती म्हणजे रोशाचे तेल. आजचा धागा या तेलापासून सुरू होतो आणि माणसाच्या कवटीपर्यंत जातो. लांब आहे, तेव्हा सवडीने वाचा.

रोशा म्हणजे आपल्या ग्रंथांतील रोहिष तृण. पावसाळा सरता सरता सातपुड्याच्या उतारांवर त्याला तुरे येत आणि मग ओढ्याकाठी भट्ट्या लागत. मोठ्या कढईत गवत दाबून भरायचे, पाणी घालायचे, झाकण लिंपून टाकायचे आणि पोकळ बांबूतून वाफ बाहेर काढून वाहत्या पाण्यात बुडवलेल्या भांड्यात उतरवायची. ओढ्याच्या गारव्याने वाफेचे पाणी होई आणि त्यावर तेल तरंगे. सांधे धरले, कंबर आखडली, की हे तेल चोळून घेण्याची रीत होती.

चोळण्यापुरते तेल गावात राही. बाकीचे मुंबईमार्गे तांबड्या समुद्रातील बंदरांत आणि तेथून कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे. त्याचा वास गुलाबाच्या जवळचा असल्याने बाल्कनमधील गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होत असे. युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ असे नाव पडले. माल खानदेशातला आणि नाव तुर्कस्तानचे! नाव बदलून माल खपवण्याचा हा प्रकार ध्यानात असू द्या, कारण पुढे तो उलट्या दिशेने भेटणार आहे.

अलीकडे पुण्या-मुंबईसारख्या शहरांत ‘क्रेनिओसेक्रल थेरपी’ नावाचा एक उपचार केला जातो. रुग्ण अंगावरच्या कपड्यांनिशी उताणा पडतो आणि उपचारक त्याच्या डोक्याला, मानेला व कमरेखालच्या त्रिकास्थीला अगदी हलका हात लावून बसतो. स्पर्शाचा भार साधारण पाच ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनही कमी असावा, असे सांगतात. चोळणे नाही, दाबणे नाही, हाडे कडकडवणे तर नाहीच. मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाला स्वतःची एक लय असते, कवटीची हाडे त्या लयीबरोबर सूक्ष्म हलतात आणि लय अडली की आजार होतो, अशी त्यामागची कल्पना आहे. हे सारे मूळचे प्राचीन भारतीयच, असा दावाही अधूनमधून कानावर येतो. तो तपासण्यासाठी आधी अमेरिकेत जावे लागेल.

अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८–१९१७) हा अमेरिकेच्या मध्य भागातील सीमावर्ती मुलखात वैद्यकी करणारा माणूस. १८६४ साली त्याची तीन मुले मेंदूच्या आवरणाच्या दाहाने गेली. त्या काळची औषधे म्हणजे पारा, अफू आणि दारू. आपल्याच मुलांपुढे ती निष्प्रभ ठरलेली पाहून त्याचा औषधांवरचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्याने ‘ऑस्टिओपॅथी’ची घोषणा केली : रोगाचे मूळ शरीराच्या रचनेत आहे आणि हातांनी ती रचना सावरली की शरीर आपणहून बरे होते. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे त्याने या विद्येचे पहिले विद्यालय काढले. स्टिलच्या सिद्धान्ताविषयी काहीही मत असो, ज्या काळात औषधानेच रोगी दगावण्याची भीती होती त्या काळात केवळ हात लावणारा वैद्य लोकांना जवळचा वाटला, यात नवल नाही.

त्याच विद्यालयात विल्यम गार्नर सदरलँड (१८७३–१९५४) शिकत होता. मूळचा तो वृत्तपत्रांत काम करणारा. १८९९ मध्ये सुटी केलेली कवटी पाहताना कानशिलाच्या हाडाच्या तिरप्या कडांवर त्याची नजर थबकली. माशाच्या कल्ल्यांसारख्या या कडा हलण्यासाठीच तर घडलेल्या नसतील, असा विचार त्याच्या मनात आला. पाठ्यपुस्तक सांगत होते की प्रौढ माणसाची कवटी अचल असते. विशेष म्हणजे सदरलँडने प्रथम स्वतःची कल्पना खोडून काढण्याचाच घाट घातला. पट्टे आणि घरगुती साधने यांनी स्वतःचेच डोके आवळून तो परिणाम टिपत राहिला. कल्पना खोडली गेली नाही, उलट त्याची खात्री पटली. चाळीस वर्षांनी, १९३९ मध्ये, ‘द क्रेनिअल बोल’ हे त्याचे छोटे पुस्तक आले. आपल्याच डोक्यावर, आपणच परीक्षक होऊन केलेल्या प्रयोगाची मर्यादा येथे दिसते, पण त्याच्या चिकाटीला दाद द्यावीच लागते.

तिसरा माणूस जॉन अपलेजर (१९३२–२०१२). मानेच्या एका शस्त्रक्रियेत साहाय्य करताना मज्जारज्जूचे आवरण त्याला लयबद्ध हलताना दिसले. १९७५ ते १९८३ या काळात मिशिगन स्टेट विद्यापीठात त्याने सदरलँडची विद्या नव्या रूपात मांडली आणि तिला ‘क्रेनिओसेक्रल’ हे नाव दिले. १९८५ मध्ये फ्लोरिडात त्याची संस्था उभी राहिली. डॉक्टर नसलेल्यांनाही त्याने ही विद्या शिकवली, म्हणून ती जगभर पसरली. म्हणजे नाव, तंत्र आणि सिद्धान्त या तिन्हींची जन्मतारीख आपल्याला ठाऊक आहे, आणि ती फार जुनी नाही.

मग भारतीय ग्रंथांत काय आहे? येथे थोडे रेंगाळूया, कारण जे आहे ते दाव्यापेक्षा कितीतरी रोचक आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शवशोधनाची रीत दिली आहे. प्रेत मुंज, कुश अशा गवतांत गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचे आणि निवांत ठिकाणी वाहत्या पाण्यात सात रात्री राहू द्यायचे. मग वाळा, केस किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर पाहत जायचे. शस्त्राने न फाडता केलेल्या या अभ्यासातून सुश्रुताने दोनशे दहा सांधे मोजले आणि त्यांचे आठ प्रकार सांगितले. त्यातल्या एकाचे नाव ‘तुन्नसेवनी’. तुन्न म्हणजे रफू केलेले, सेवनी म्हणजे शिवण. सुट्या कवटीवरची नागमोडी रेघ ज्याने पाहिली आहे, त्याला या नावाची अचूकता वेगळी समजावावी लागणार नाही. युरोपीय वैद्यकानेही याच सांध्यांना शिवणीवरूनच नाव दिले आहे.

आता गंमत पाहा. हे तुन्नसेवनी सांधे कोठे असतात? सुश्रुत उत्तर देतो : डोक्याच्या आणि कटीच्या चपट्या हाडांत. डोके आणि कटी, दोन्ही एकाच ओळीत! ‘क्रेनिओसेक्रल’ या शब्दाचे दोन अर्धेही जवळजवळ तेच. उत्साही माणसाला येथेच थांबून विजयाची घोषणा करण्याचा मोह होईल. पण त्याच प्रकरणात सुश्रुत सांध्यांचे हलणारे आणि स्थिर असे दोन वर्गही करतो. हातपाय, जबडा आणि कटी येथील सांधे हलणारे, बाकीचे सगळे स्थिर. कवटीच्या शिवणी त्याने हलणाऱ्यांत धरलेल्या नाहीत. म्हणजे कवटीच्या हालचालीच्या वादात प्राचीन ग्रंथाची साक्ष काढली, तर ती सदरलँडच्या विरुद्ध जाते.

याच पाच शिवणींना सुश्रुताने ‘सीमंत’ नावाची मर्मे म्हटले आहे. केसांच्या भांगालाही सीमंत म्हणतात. तेथे इजा झाल्यास उन्माद, भय, चित्तनाश होतो, असे तो बजावतो. मर्मांची यादी ही मुख्यतः शल्यवैद्याला दिलेला इशारा आहे : येथे जपून. डोक्यावरचे सौम्य उपचार वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त मूर्धतैल या नावाने येतात : अभ्यंग, परिषेक, पिचू आणि बस्ती असे चार. आपल्याकडे तान्ह्या बाळाची टाळू भरतात, त्याचे नाते तेलाचा बोळा डोक्यावर ठेवण्याच्या पिचूशी सहज जुळते. त्यात तेल आहे, ऊब आहे, जिव्हाळा आहे. द्रवाची लय किंवा हाडांची हालचाल यांचा त्यात मागमूस नाही. अमेरिकन माल संस्कृत नावाने खपवणे आणि रोशाचे तेल तुर्की नावाने खपवणे यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आधुनिक कसोटीचे थोडक्यात सांगतो. मेंदूभोवतीचा द्रव खराच आहे. प्रौढ माणसात तो सुमारे दीडशे मिलिलिटर असतो आणि हृदयाच्या ठोक्यांबरोबर व श्वासाबरोबर तो हेलकावतो, हेही खरे. पण बोटांना जाणवणारी तिसरी, स्वतंत्र लय सिद्ध झालेली नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन प्रशिक्षित उपचारकांनी त्याच त्या बारा व्यक्तींची लय मोजली. आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. १९९९ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात उपलब्ध संशोधनाची छाननी झाली, तेव्हाही परिणामकारकतेला पुरेसा आधार आढळला नाही. काही छोट्या चाचण्यांत मानदुखीला उतार पडल्याची नोंद आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. शांत खोली, तासभर लक्ष आणि मायेचा हात यांनी माणूस सैलावतो. पण एवढ्याने सिद्धान्त खरा ठरत नाही.

डोके ‘एका बाजूला झुकलेले’ आहे, ते सम करून देतो, असेही काही उपचारक म्हणतात. येथे एका मराठी विदुषीचे स्मरण अगत्याचे आहे. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता माणसाच्या कवटीतील स्वाभाविक विषमता. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्ववादी. युरोपीय कवटीची डावी-उजवी बाजू अधिक विषम असते आणि ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, असे त्यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा व विषमतेचा असा काही संबंध आढळत नाही, असे गुरूच्या मताविरुद्ध लिहून दिले. परक्या देशात, पदवी ज्याच्या हाती त्याच्याच विरोधात! कवटी थोडी वेडीवाकडी असणे हीच माणसाची रीत आहे, हे त्या प्रबंधाच्या शीर्षकातच होते.

प्रौढांच्या बाबतीत हा सारा वाद तसा निरुपद्रवी आहे. बहुतेकदा फार तर पैसे जातात. तान्ह्या मुलांचे तसे नाही. त्यांच्या शिवणी खरोखरच मोकळ्या असतात आणि पुढची टाळू भरून यायला साधारण दीड वर्ष लागते. वाग्भटाने ‘तालुकंटक’ नावाचा बालरोग वर्णिला आहे : डोक्यावर टाळूच्या जागी खळगा, दूध नकोसे होणे, पातळ शौच, तहान. निरीक्षण विलक्षण अचूक आहे. आजचा डॉक्टर ही लक्षणे ऐकताच जुलाबाने शरीरातले पाणी आटल्याचे निदान करील. मात्र ग्रंथातील उपचार खळग्याच्या मागे लागतो : तोंडातून टाळू वर उचलायची आणि मधात कालवलेला यवक्षार तिला चोळायचा. मेक्सिकोतही खचलेली टाळू हा स्वतंत्र आजार मानून ती आतून दाबून वर करतात. दोन दूरच्या संस्कृतींचा हात एकाच चुकीच्या जागी गेला, कारण डोळ्यांना दिसत होता तो खळगाच.

तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या सातपुड्याच्या तालुक्यांत हा प्रश्न पुस्तकी नाही. पावसाळ्यात ओढे भरले की पाड्यावरून दवाखाना दूर जातो आणि जुलाब लागलेल्या बाळाजवळ असतो तो घरातल्या कुणाचा तरी हात. त्या हाताने काय करावे, याचे उत्तर १९७१ मध्ये बंगालच्या सीमेवर मिळाले. बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून ते पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. सुमारे तीस टक्के असलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. पाणी पोटात टिकले की बाळाची खचलेली टाळू आपोआप वर येते. तिला हात लावावा लागत नाही.