मेळघाटचा साग: लाकूड, वन्यजीव आणि कार्बन यांचा मेळ कसा बसतो?

धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे किंवा अचलपूरच्या जुन्या वाड्यांत आजही सागवानी चौकटी, खांब आणि तुळया दिसतात. पिढ्या बदलल्या तरी त्या टिकून आहेत. धामणगाव अमरावती जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कापसाच्या मुलखात आहे. सागाचे जंगल जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या रांगांत, म्हणजे मेळघाटात आहे. या जंगलाकडून आज तीन अपेक्षा आहेत: लाकूड मिळावे, वन्यजीव टिकावेत आणि हवेतला कार्बन झाडांत व मातीत साठून राहावा. तिन्ही एकाच वेळी शक्य आहेत का?

मेळघाटचे जंगल कसे आहे?

मेळघाट हे शुष्क पानझडी जंगल आहे. साग हे इथले मुख्य झाड. त्याच्यासोबत ऐन, धावडा, तिवस, मोह, तेंदू, आवळा आणि बांबू आढळतात. कोरकू भाषेत सागाला ‘सिपना’ म्हणतात आणि याच नावाची नदी मेळघाटातून वाहत तापीला मिळते.

ब्रिटिश काळात ही वने राखीव झाली आणि सागवान बाहेर जाऊ लागले. पद्धत ठरलेली होती. कार्ययोजनेनुसार जंगलाचे भाग, म्हणजे ‘कूप’, पाडायचे आणि दरवर्षी ठरलेल्या कूपात तोड करायची. परतवाड्याच्या लाकूड डेपोत मालाचा लिलाव होई. तोड आणि वाहतुकीच्या कामावर अनेक कोरकू कुटुंबांचा रोजगार चाले. त्यामुळे तोड थांबवण्याचा प्रश्न पोटापाण्याचाही असतो.

१९७४: एकाच वर्षी दोन दिशा

१९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प योजना सुरू झाली. पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तो व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झाले. कमी किमतीच्या मिश्र जंगलाच्या जागी साग लावून उत्पन्न वाढवणे, हे महामंडळाचे मुख्य काम होते.

पुढे १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने पर्यावरणाचा समतोल पहिला आणि महसूल नंतर, असा क्रम लावला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेशिवाय वनात तोड करता येणार नाही, असे सांगितले. फेब्रुवारी २००० च्या आदेशाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून मेलेली आणि वाऱ्याने पडलेली झाडे उचलण्यावरही बंदी आली.

मेलेल्या झाडाला एवढे महत्त्व का?

याचे उत्तर रानपिंगळा या छोट्या घुबडाकडे आहे. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला खात्रीने सापडला नव्हता. तो नामशेष झाला, असे मानले जात होते. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, तो आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसला. नंतर मेळघाटातही आढळला आणि आज मेळघाट हे त्याचे महत्त्वाचे आश्रयस्थान आहे.

रानपिंगळा सागाच्याच जंगलात राहतो, म्हणजे सागाशी त्याचे वैर नाही. त्याला घरट्यासाठी झाडाची ढोली लागते आणि ढोली जुन्या झाडातच तयार होते. लाकूड व्यापाराच्या दृष्टीने मात्र वाकडे, पोकळ झाड निरुपयोगी. विरळणी करताना आधी तेच काढले जाते. एकाच वयाच्या, सरळ रांगांतल्या लागवडीत लाकूड भरपूर मिळते, पण ढोल्या आणि मोह, तेंदू, आवळ्यासारखी फळझाडे कमी होतात.

कार्बनचा हिशेब

कोरड्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो. एक टन कोरडे लाकूड म्हणजे हवेतून काढलेला सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड. झाड तोडून त्याची चौकट केली, तर त्यातला कार्बन पुढे कित्येक दशके घरातच राहतो. पण अख्खे झाड चौकटीत जात नाही. फांद्या, साल आणि भुसा लवकर जळतो किंवा कुजतो. तोडलेल्या जागी नवे झाड वाढते, मात्र जुन्या जंगलाइतका साठा व्हायला अनेक दशके लागतात.

दुसरी बाजूही आहे. इथली तोड पूर्ण थांबली तरी लाकडाची मागणी थांबत नाही. भारत सागवान आयातही करतो. म्हणजे आपल्या दाराची किंमत दुसऱ्या देशातले जंगल मोजू शकते. लाकडाऐवजी लोखंड किंवा ॲल्युमिनिअम वापरले, तर ते तयार करतानाही कार्बन बाहेर पडतो.

मेळघाटात आणखी एक धोका आहे तो वणव्याचा. उन्हाळ्यात सागाची वाळलेली पाने जमिनीवर साचतात. आग लागली की रोपे जळतात आणि साठलेला कार्बन हवेत जातो. म्हणून उन्हाळ्याआधी जाळरेषा काढणे महत्त्वाचे ठरते.

उत्तरेकडचे देश काय करतात?

फिनलंड, स्वीडन आणि कॅनडातल्या सूचिपर्णी जंगलांपुढेही हाच पेच आहे. फिनलंडमध्ये वनातल्या सुमारे पाव प्रजाती मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत. तिथे दोन उपाय पुढे आले. एक, तोड करताना काही जिवंत आणि मेलेली झाडे मुद्दाम राखायची. दुसरा, जंगलाचे तीन भाग करायचे: पूर्ण संरक्षित, सौम्य वापराचा आणि लाकूड उत्पादनाचा.

मेळघाटला हे कसे लागू होते?

अशी विभागणी इथे काही प्रमाणात आहेच. प्रकल्पाच्या सुमारे २,७६८ चौ. किमीपैकी सुमारे १,५०० चौ. किमी गाभा क्षेत्र आहे आणि उरलेले बफर. गाभ्यात वन्यजीव पहिले. बाहेरच्या वनात कार्ययोजनेनुसार काम होते, आणि जुनी ढोलीची झाडे राखण्याची खरी गरज तिथेच आहे.

वनहक्क कायदा २००६ मुळे गावांनाही अधिकार मिळाले. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळवून ओसाड झालेले वन पुन्हा उभे केले आणि सीताफळाच्या विक्रीतून उत्पन्न घेतले. झाड न तोडताही रोजगार मिळू शकतो, हे त्यातून दिसले.

धामणगावसारख्या सपाट मुलखाचा वाटा शेताच्या बांधावर आहे. बांधावरचा साग तोडायला परवानगी लागते. २०१७ मध्ये वनाबाहेरचा बांबू मात्र भारतीय वन कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. शेतातून जितके लाकूड मिळेल, तितका जंगलावरचा भार हलका होतो.

थोडक्यात

• जंगलाच्या प्रत्येक तुकड्यातून लाकूड, वन्यजीव आणि कार्बन तिन्ही पूर्णपणे मिळत नाहीत.
• संपूर्ण प्रदेशात कामाची वाटणी केली, तर तिन्ही साधता येतात.
• लाकडासाठी राखलेल्या वनातही जुनी, पोकळ झाडे ठेवावी लागतात.
• जंगलालगतच्या गावांना उत्पन्न मिळाले, तरच ही वाटणी टिकते.