मुसीकाठची चिंच



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला याच शाळेत इतिहास शिकविला. त्या काळी आमच्या वर्गावर पत्र्याचे छप्पर होते. मार्चनंतर दुपारचा तास आत बसून घेणे अशक्य होई. गुरुजी मग आम्हांला फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली नेत. कुतुबशाही आम्ही तेथेच शिकलो. मी संतवाङ्मयावर बोलावे अशी संयोजकांची अपेक्षा होती, आणि ती रास्तच होती. जन्मभर मी तोच विषय शिकविला. परंतु वयाच्या शहात्तराव्या वर्षी मनात राहून गेलेले एक ओझे उतरवावेसे वाटते, आणि ते झाडांविषयीचे आहे.

हैदराबाद वसले १५९१ साली. सतराव्या शतकात येथे आलेल्या परदेशी प्रवाशांनी या गावाचे नाव 'बागनगर' असे नोंदविले आहे. तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याला येथील हिऱ्यांचे आकर्षण होते. तरीही राजवाड्यांच्या गच्चीवरील बागा पाहून तो थबकला. एवढ्या मोठ्या झाडांचा भार खालच्या कमानी पेलतात तरी कशा, याचे त्याला नवल वाटले. आपल्या वस्त्यांच्या नावांत ते शहर अजून शिल्लक आहे. बशीरबाग, जामबाग, बाग लिंगमपल्ली, सीताफळमंडी ही नावे आपण रोज उच्चारतो. इमलीबन म्हणजे चिंचांचे वन. आज तेथे बसस्थानक आहे आणि उन्हाळ्यात माणसे खांबांच्या सावलीत अंग चोरून उभी असतात.

चिंचेचाच विषय निघाला आहे तर २८ सप्टेंबर १९०८ हा दिवस सांगितला पाहिजे. त्या दिवशी मुसीला जो पूर आला, त्यात सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असे मानले जाते. पूल गेले, अफझलगंजाच्या बाजूच्या वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी अशी तिघेही त्या पाण्यात गेली. घरातले एकटे तेच वाचले. नदीकाठी दवाखान्याच्या आवारात एक जुनी चिंच होती. पाणी चढू लागले तशी माणसे तिच्यावर चढली. सुमारे दीडशे जीव त्या एका झाडाने वाचविले. ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात उभे आहे. वय चारशे वर्षांच्या आसपास सांगतात. चिंचेखाली निजू नये, तेथे भूत असते, असे आपल्या घरोघरच्या आज्या सांगत आल्या. त्या रात्री तिच्या फांद्यांवर बसलेल्यांना ही आठवण झाली असेल काय, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले, १९१२ साली नगरसुधार मंडळ आले, १९२० च्या सुमारास उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर बांधून झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे सारे यथास्थित आहे. चिंच मात्र नाही. माणसाने बांधलेल्याची नोंद ठेवायची आणि जे आपोआप उभे असते त्याची नाही, ही आपल्या इतिहासलेखनाची जुनी खोड होय. तरीही काही नागरिक गेली अनेक वर्षे २८ सप्टेंबरला त्या झाडाखाली जमून स्मरण करतात, हे येथे कृतज्ञतेने नमूद करतो.

पुराचे संकट एका दिवसाचे होते. आजचे संकट दरवर्षी दोन-अडीच महिने मुक्कामाला असते. येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. 'ऊन पूर्वीही होतेच' असे माझ्या वयाची माणसे म्हणतात, आणि ते खोटे नाही. बेगमपेठेच्या वेधशाळेतील ४५.५ अंशांचा उच्चांक २ जून १९६६ चा आहे. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. काचीगुड्याच्या आमच्या वाड्यात त्या दिवसांत दारेखिडक्या बंद करून सारे घर अंधारात पडून राहिले होते. परंतु संध्याकाळी शहाबादी फरशीवर पाणी मारले, खाटा अंगणातल्या लिंबाखाली काढल्या, आणि मध्यरात्रीनंतर पांघरूण ओढावे लागले. आज दुपारचा आकडा कदाचित त्याहून कमी असेल. रात्र मात्र थंड होत नाही. भिंती, गच्च्या आणि डांबर दिवसभर पिऊन ठेवलेली उष्णता रात्रभर ओकत राहतात. म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि पत्र्याखाली राहणारे मजूर यांना जी झळ लागते ती पुष्कळशी रात्रीचीच.

झाड येथे दुहेरी काम करते. ऊन भिंतीपर्यंत पोहोचूच देत नाही, हे एक. मुळांनी ओढलेले पाणी पानांतून वाफेच्या रूपाने सोडते आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेते, हे दुसरे. भरल्या पर्णसंभाराचे मोठे झाड, मुळांना ओल असेल तर, दिवसाला शेकडो लिटर पाणी असे हवेत सोडते. कडुलिंबाला चैत्रात नवी पालवी फुटते आणि वैशाखात त्याची सावली दाट असते. वड आणि चिंचही ऐन उन्हाळ्यात उघडे पडत नाहीत. मात्र हे काम मोठ्या झाडाचे आहे. कुंडीएवढ्या रोपाला ते साधायला वीस-तीस वर्षे लागतात, आणि तेही ते रोप जगले तर.

आता माझे ओझे सांगतो. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' मी तीस वर्षे शिकविले. त्यात आरमाराच्या प्रकरणी झाडांविषयी आज्ञा आहे. जहाजांसाठी अरण्यातील सागवानादी वृक्ष परवानगीने तोडावेत. आंबा-फणसही उपयोगी खरे, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढविलेली असतात. एखादे अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे; बलात्कार करू नये. हा उतारा वर्गात समजावून सांगताना माझा आवाज भरून येत असे, असे विद्यार्थी सांगतात.

१९८७ साली मी ज्या महाविद्यालयात होतो, तेथील इमारत समितीचा मी सदस्य होतो. स्कूटरी ठेवायला जागा हवी होती आणि मराठीच्या वर्गाबाहेर एक जुना कडुलिंब मध्ये येत होता. ठरावावर पाच सह्या झाल्या, त्यांतली एक माझी. कोणी दडपण आणले नाही. मी वाचून, पेनाचे टोपण काढून सही केली. झाड पाडायला दोन दिवस लागले. त्याच आठवड्यात माझा 'आज्ञापत्रा'चा तास होता. पुढच्या उन्हाळ्यात त्या वर्गात आणखी दोन पंखे बसविले, आणि मे महिन्यातील परीक्षेचे वर्ग सकाळी सातला घ्यावे लागले. ज्यांनी सही केली त्यांच्या खोल्या उत्तरेला होत्या.

त्यानंतर मी झाडांकडे जरा निरखून पाहू लागलो. आपल्या शहरात झाड कुऱ्हाडीने जितके मरते तितकेच दुर्लक्षाने मरते. बुंध्याला भिडवून सिमेंट ओतले जाते. मुळांना ना पाणी ना हवा. तारांखालच्या फांद्या एकाच बाजूने तोडल्या जातात. मग पहिल्या वळवाच्या वाऱ्यात तोल गेलेले झाड मोटारीवर कोसळते आणि दोष झाडाला लागतो. हरितहारम् योजनेत २०१५ पासून रोपे पुष्कळ लागली. त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण रोपाच्या संख्येचा फलक लागतो, जुन्या झाडाच्या आळ्याचा कोठेच लागत नाही. मोठे झाड उपटून दुसरीकडे लावण्याचा उपायही आता सुचविला जातो. वडाला तो बराच मानवतो. खोल मुळांच्या चिंचेला आणि लिंबाला क्वचित.

चेवेल्ल्याच्या वाटेवर विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सुमारे नऊशे वड आहेत. रस्ता रुंद करताना ते वाचावेत म्हणून हरित न्यायाधिकरणापुढे काही वर्षे दाद मागितली गेली. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच रस्त्यावर बस आणि खडीची लॉरी यांची टक्कर होऊन १९ माणसे गेली. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांच्यासमोर मी वडाचे गुणगान करणार नाही. रस्ता रुंद व्हायलाच हवा. वड मध्ये राखून दोहो बाजूंनी रस्ता न्यावा, एवढीच मागणी होती, आणि ती करणाऱ्यांना रस्त्याचे शत्रू ठरविणे अन्यायाचे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कांचा गच्चीबावलीची झाडतोड सर्वोच्च न्यायालयाने थांबविली, तोवर शंभराहून अधिक एकर रान साफ झाले होते. तेथे विद्यापीठाची मुले उभी राहिली होती. माझ्या हातून १९८७ साली जे झाले नाही ते त्यांनी केले.

आमच्या घरी वटपौर्णिमेला आता बाजारातून फांदी आणतात. पत्नीला मी यंदा म्हटले, फांदी तोडून वडाची पूजा कसली? ती म्हणाली, "चालत जाता येईल एवढ्या अंतरावर वड दाखवा, मी जाते." मी दाखवू शकलो नाही.

आज येथे येताना फाटकाजवळचा तो कडुलिंब पाहिला. त्याचा बुंधा आता दोघांच्या कवेत मावत नाही. भोवती नवी गुळगुळीत फरशी बसविली आहे, ती थेट सालीला टेकलेली. मुख्याध्यापकांना मी विचारले की चहूबाजूंनी दोन-दोन हात फरशी काढून तेथे माती ठेवता येईल काय. दिवाळीच्या सुट्टीत गवंडी येणार आहेत, तेव्हा काढू, असे ते म्हणाले. गवंड्याची मजुरी मी देईन असे मी त्यांना सांगितले आहे.