पोट भरलेले, तरी जनावर उपाशी: माणदेशच्या दुष्काळाची एक दुर्लक्षित बाजू

१/ दुष्काळाचा इतिहास आपण पावसाच्या नोंदींतून आणि धान्याच्या भावांतून वाचतो. म्हसवडसारख्या गावी तो आणखी एका मापाने वाचावा लागतो: खाल्लेली वैरण गाईच्या पोटातून किती वेळाने पुढे सरकते? आजचा धागा या मापाविषयी.

२/ म्हसवड माण नदीकाठी, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत वसले आहे. १८७६-७८च्या भीषण दुष्काळात जवळच्या राजेवाडी तलावाचे काम दुष्काळी काम म्हणून हाती घेण्यात आले. माणसाला मजुरी मिळण्याची सोय झाली. दावणीच्या खिलार बैलाचे काय?

३/ त्याचा आधार म्हणजे ज्वारीचा कडबा. गाय-बैल तो भराभर गिळतात आणि तो कोटीपोटात साठतो. मोठ्या जनावराच्या या कप्प्यात १०० लिटरहून अधिक ऐवज मावतो. तेथील सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतू कुजवतात आणि त्यातूनच जनावराला ऊर्जा मिळते.

४/ मात्र पुढची वाट अरुंद आहे. काही मिलिमीटरपर्यंत बारीक झालेले कणच सहसा पुढच्या कप्प्यात जातात. म्हणून जनावर घास पुन्हा तोंडात आणून रवंथ करते. भरड वैरणीवर हे काम दिवसाकाठी सात-आठ तास चालते.

५/ हे ज्ञान टप्प्याटप्प्याने आले. १८४३ साली पॅरिसमध्ये ग्रुबी आणि डेलाफों यांनी कोटीपोटातील सूक्ष्म जीवांचे वर्णन केले. १९५० साली इंग्लंडमध्ये सी. सी. बाल्च यांनी गाईंना रंगवलेले वाळके गवत चारले आणि ते रंगीत कण शेणात केव्हा उतरतात, हे मोजून चाऱ्याचा वेग ठरवला.

६/ अशा मोजण्यांतून चित्र स्पष्ट झाले. पोटातील द्रव भाग लवकर पुढे जातो. कोवळा चाराही तुलनेने लवकर सरकतो. भरड वैरणीला सगळी वाट संपवायला दोन-तीन दिवस, कधी त्याहून अधिक काळ लागतो. तोवर नव्या घासाला जागा नसते.

७/ दुष्काळाची खरी कोंडी येथे आहे. सूक्ष्मजीवांना नत्र लागते. चाऱ्यातील प्रथिने साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की त्यांचे काम मंदावते. कडब्यात ती बहुधा याहूनही कमी असतात. मग वैरण पोटात अडून राहते, जनावर खाणे कमी करते आणि कूस भरलेली दिसत असतानाच खंगत जाते.

८/ मेंढीचे कोटीपोट लहान. गाईइतका वेळ भरड चारा साठवून ठेवणे तिला परवडत नाही; म्हणून ती कोवळा पाला निवडून खाते. पाऊस सरल्यावर माणदेशातील धनगर कळप घेऊन दूरदूर का फिरतात, याचे एक उत्तर मेंढीच्या पोटातही आहे.

९/ २०१२-१३च्या आणि २०१९च्या दुष्काळात म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने चारा छावण्या चालवल्या. हजारो जनावरांसह शेतकरी कुटुंबे तेथे राहिली. दुष्काळी छावण्यांतील हिरवा चारा म्हणजे मुख्यतः ऊस आणि वाढे. उसातील साखर कोटीपोटात झटपट आंबते, त्याचा चोथा मात्र फार हळू सरकतो. प्रथिनेही कमीच. हिरवा रंग पाहून फसू नये. उसाने जीव तगतो, पण अंगावर मांस धरायचे तर पेंडेची जोड लागते.

१०/ उपाय याच वेगाशी निगडित आहेत. कडब्याची कुट्टी केली की नासाडी टळते. १०० किलो वाळक्या वैरणीवर ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडून ती सुमारे तीन आठवडे हवाबंद झाकली, तर ती अधिक पचते. (युरियाचे प्रमाण चुकल्यास विषबाधा होते, पशुवैद्यकाचा सल्ला अनिवार्य.) मात्र चाऱ्याचे पीठ करू नये. तो न पचताच पुढे निसटतो.

११/ तेव्हा जुन्या नोंदींत ‘चारा उपलब्ध होता, तरी जनावरे मेली’ असे काही आढळले, तर ती लगेच खोटी ठरवू नका. चारा किती होता, यासोबत तो कोणता होता, हेही विचारा. बाजारात मातीमोल भावाने विकल्या गेलेल्या बैलजोडीचे उत्तर कदाचित तेथेच सापडेल.

(धागा समाप्त)