ब्रुटन टायरोसिन कायनेज
मानवी बी-पेशींच्या वाढीला अत्यावश्यक असलेले संकेतवाहक प्रथिन, संक्षेपाने बीटीके. ते ६५९ ॲमिनो अम्लांचे असून त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. अस्थिमज्जेत बी-पेशी घडू लागताच हे प्रथिन तयार होऊ लागते व परिपक्व बी-पेशीतही टिकते. प्रतिपिंडे स्रवणाऱ्या प्लाझ्मा पेशीत मात्र ते जवळजवळ नाहीसे होते. मास्ट पेशी व रक्तबिंबिकांतही ते आढळते; टी-पेशींत नाही.

पूर्व-बी पेशीच्या ग्राहीकडून संकेत मिळताच बीटीके फॉस्फोलायपेज सी-गॅमा-२ या एंझाइमाला फॉस्फेट गट जोडते. त्यामुळे पेशीतील कॅल्शियम वाढते आणि पेशी तग धरून विभागू लागते. जनुकात बिघाड असल्यास विकास याच टप्प्यावर अडतो. असा विकार बहुधा मुलग्यांत दिसतो. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे सुमारे सहा महिन्यांत ओसरली, की कानांचे व फुप्फुसांचे जंतुसंसर्ग वारंवार होतात. गलग्रंथी अगदी लहान राहतात. ऑग्डेन ब्रुटन यांनी १९५२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. कारणीभूत जनुक १९९३ मध्ये ओळखले गेले. नियमित इम्युनोग्लोब्युलिन हा मुख्य उपचार होय. बीटीके रोखणारे इब्रुटिनिब हे औषध काही बी-पेशी कर्करोगांवर २०१३ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे.