दोनशें त्र्याहत्तरांचा इतिहास

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या रावेरचा उन्हाळा सर्वश्रुत आहे. तेथें वैशाखांतील एखाद्या दिवशीं पहाटे उष्णतामान 27 शतमान अंश होतें व दुपारीं तें 45 अंशांवर गेलें, असें समजावें. पहाटे सायकलच्या ट्यूबमध्यें भरलेल्या हवेचा एकंदर दाब दुपारीं किती होईल? शाळेंतील विद्यार्थी चटकन् 45 ला 27 नें भागतो आणि दाब दीडपटीहून अधिक झाला, असें सांगतो. तसें घडतें, तर खानदेशांत दुपारीं एकहि सायकल धड राहिली नसती! ट्यूबचें आकारमान कायम धरल्यास दोन्ही आंकड्यांत आधीं 273 मिळवावे लागतात. 318 भागिलें 300, म्हणजे वाढ अवघी 6 टक्के. हे 273 आले कोठून?

उष्णतामान कायम असतां वायूचा दाब दुप्पट केल्यास आकारमान निम्में होतें, हें रॉबर्ट बॉइल यानें 1662 सालीं प्रसिद्ध केलें. उष्णतेचा प्रश्न पुढें शंभराहून अधिक वर्षें अनिर्णीत राहिला. 1783 सालीं हायड्रोजनच्या फुग्यांतून पॅरिसच्या आकाशांत चढलेला जाक शार्ल यानें 1787 च्या सुमारास निरनिराळे वायु उष्णतेनें सारखेच प्रसरण पावतात असें पाहिलें. पण तें छापलें नाहीं. 1802 सालीं गे-ल्युसाक यानें शार्लच्या नांवाचा उल्लेख करून हा नियम प्रसिद्ध केला. त्याच्या मापनाप्रमाणें दर अंशास शून्य अंशावरील आकारमानाच्या 267 व्या भागाइतकी वाढ होत होती. 1834 सालीं क्लापेरों यानें दोन्ही नियम एका समीकरणांत गुंफले. त्यांतहि 267 हाच आंकडा होता. पुढील दशकांत रेन्यो याच्या काटेकोर मोजमापांनीं तो 273 ठरला. 1848 सालीं विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढील लॉर्ड केल्विन, यानें निरपेक्ष उष्णतामानाची कल्पना मांडली. शतमान शून्य हा केवळ पाणी गोठण्याचा बिंदु. वायूच्या हिशेबाचा आरंभ त्याच्या 273 अंश खालीं आहे.

हें गणित परीक्षेपुरतेंच नाहीं. 1928 सालीं हवामानखात्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आलें. 'सिमला ऑफिस' हें नांव पुण्यांत अजून रूढ आहे. वरच्या हवेचा शोध घेण्यासाठीं असें खातें हायड्रोजनचे रबरी फुगे सोडतें. जमिनीवर 27 अंश असतां सोडलेला फुगा सुमारें 16 किलोमीटर उंचीवर गेला, तेथें दाब एकदशांश व उष्णतामान उणें 73 अंश आहे, असें धरूं. रबराचा ताण सोडून दिल्यास आकारमान दहापट गुणिलें 200 भागिलें 300, म्हणजे पावणेसातपटीच्या आसपास होईल. येथें शतमान आंकडे तसेच घातले, तर फुग्याचें आकारमान शून्याहूनहि कमी येईल!

अर्थात् हें समीकरण आदर्श वायूचें आहे. अणुरेणूंना स्वतःचें आकारमान असतें व ते परस्परांस ओढतात, हें ध्यानांत घेऊन व्हान डर व्हाल्स यानें 1873 सालीं त्यांत सुधारणा केली. अतिशय दाबाखालीं किंवा वायु द्रवरूप होण्याच्या बेतांत असतां ती आवश्यक ठरते. रावेरच्या सायकलीस मात्र साधें समीकरण पुरतें. तें शिकवितांना 267 पासून 273 पर्यंतचा हा प्रवास सांगितला, तर विद्यार्थ्यास तो आंकडा घोकावा लागणार नाहीं, आणि तो मिळविण्यास तो विसरणारहि नाहीं.