छोट्या दौडीचा भत्ता

माझी बदली घोडेगावला झाली तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "गावाचं नाव घोडेगाव, नदीचं नाव घोड. आता तरी जरा पळायला शिका!" आंबेगाव तालुक्याचं हे मुख्य ठिकाण. इथे घोड्यावर बसायचा योग काही आला नाही, एस.टी.त मात्र रोज बसतो, जागा मिळाली तर. पहिल्याच महिन्यात जवळच्या एका वाडीवर कर्जवसुलीला पायी जाऊन आलो आणि प्रवासभत्त्याचं बिल टाकलं. ते परत आलं. शेरा होता : 'अंतर कमी. नामंजूर.' ऊन, चढ आणि कुत्री यांच्यासाठी फॉर्मात रकानाच नव्हता!

त्या रात्री मी इतिहासात शिरलो. अपमान झालेला मराठी माणूस दुसरीकडे जाणार कुठे?

लांब दौडी आपल्याला पाठ असतात. १७३७ साली बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकला. दहा मजलांचं अंतर म्हणे दोन दिवसांत कापलं. त्यापुढे १६५७ सालचा शिवाजी महाराजांचा जुन्नरवरचा छापा म्हणजे अगदी घराजवळचा. शिवनेरीवर जन्म, आणि पायथ्याच्या पेठेवर छापा! रात्री दोराच्या शिड्या लावून तटावरून माणसं आत उतरली. मिळालं काय? दोनशे घोडे आणि तीन लाख होन. मी बी.कॉम. असल्यामुळे खात्रीनं सांगतो, हा नुसता नफा नव्हे, हे भांडवल! पुढे ज्या घोडदळानं मुलूख पालथे घातले, त्याच्या खातेवहीच्या पहिल्या पानांवर जुन्नरची जमा आहे.

त्या घोडदळातलं भीमथडीचं तट्टूही चणीनं लहानच. त्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद व्हायला २०२३-२४ साल उजाडावं लागलं. आमच्या बँकेतल्या बढत्या त्या मानानं बऱ्याच लवकर होतात.

तिकडे अमेरिकेत दमाच्या घोडदौडींची संस्था १९७२ साली निघाली. तिच्या लेखी खरी दौड पन्नास मैलांपासून पुढे. पंचवीस ते पस्तीस मैलवाल्यांना 'मर्यादित अंतर' असा वेगळा रकाना. पण त्या रकान्यातला नियम मला फार आवडला. तिथे शेवटची रेषा ओलांडली म्हणून घड्याळ थांबत नाही; घोड्याची नाडी मिनिटाला साठ ठोक्यांवर उतरली की मग थांबतं. म्हणजे जनावर किती दमलं, हेही मोजतात.

हे सगळं मी आमच्या शाखेतल्या शिपायाला ऐकवलं. तो जुन्नरकडचा. म्हणाला, "सायेब, आमचा बा शर्यतीत बैलगाड्याच्या पुढं घोडी पळवायचा. सगळा खेळ बारा-तेरा सेकंदांचा. पण घोडी अडखळली तर मागनं चार बैल अंगावर! बक्षीस गाडामालकाला. बाचं नाव कुठं लिवलंय?"

या शर्यती २०१४ साली न्यायालयानं बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाल्या. नाव लिहिण्याचं मात्र राहूनच गेलं.

माझं मत विचाराल तर, शंभर मैलांचा मान शंभर मैलवाल्यालाच द्यावा. पंचवीसवाल्याला तीच ढाल दिली तर दोघांचाही अपमान. पण नोंदवहीत त्याचंही नाव हवं, अंतरासकट, स्वच्छ अक्षरात.

हे मत मी मोठ्या ऐटीत मांडलं. शिपाई काही बोलला नाही, चहाचे कप उचलून निघून गेला. मग आठवलं : त्या वाडीवर वाट दाखवत माझ्यापुढे तोच चालला होता. कुत्रीही त्यानंच हाकलली होती. आणि माझ्या बिलात त्याचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवं बिल केलं, दोघांच्या नावाचं. त्याचं आधी लिहिलं. नामंजूर होऊन परत येईलच. पण फायलीत राहील.