प्रतिक्षेप (बंदुकीचा)

गोळी सुटताना बंदूक मागे ढकलली जाते, या क्रियेस प्रतिक्षेप म्हणतात. त्याबरोबरच नळीचे तोंड वर उचलले जाते, ती तोंडाची उसळी होय. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे उदाहरण म्हणून प्रतिक्षेप शालेय पुस्तकांत हटकून येतो. मात्र तेथे बहुधा गोळीचाच संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, हिशेबात धरतात आणि तिच्या पाठोपाठ बाहेर पडणारा वायू वगळतात. ही उणीव किरकोळ नव्हे.

दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश व भारतीय सैनिकांच्या हाती असलेल्या ०.३०३ इंची ली-एनफील्ड रायफलीचे वजन सुमारे ४ किग्रॅ. असून तिची ११.३ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ७४४ मी. वेगाने सुटते. केवळ गोळी धरल्यास रायफलीचा मागे येण्याचा वेग सेकंदाला २.१ मी. आणि तिची ऊर्जा सुमारे ९ जूल येते. परंतु काडतुसातील सुमारे २.४ ग्रॅ. कॉर्डाइटचा (धूररहित दारूचा) जळून वायू होतो व तो तोंडातून गोळीपेक्षाही वेगाने बाहेर झेपावतो. त्याचा सरासरी वेग सेकंदाला १,२०० मी. मानल्यास रायफलीचा वेग २.८ मी. होतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती १६ जूलच्या आसपास जाते. खांद्याला जाणवणारा धक्का मात्र दस्त्याचा आकार व धरण्याची पद्धत यांवरही अवलंबून असतो.

नळीचा अक्ष खांद्यावरील आधारबिंदूच्या वर असल्यामुळे मागे येणारे बल रायफलीस फिरवू पाहते व तोंड उसळते. गोळी नळीत असेपर्यंत रायफल जेमतेम २ मिमी. मागे सरकलेली असते; म्हणून उसळीचा बहुतेक भाग गोळी निघून गेल्यानंतरचा असतो व त्याचा उपद्रव मुख्यतः पुढच्या गोळीच्या नेमास होतो. एम-१६ रायफलीत दस्ता नळीच्या सरळ रेषेत ठेवून अक्ष व आधारबिंदू यांतील अंतर कमी केले आहे, तर सोव्हिएत एकेएमच्या तोंडावरील तिरक्या कापाचा भाग वायूला वर व उजवीकडे वळवून तोंड खाली दाबतो.

तोफांत १८९७ च्या फ्रेंच ७५ मिमी. तोफेपासून द्रव व दाबलेली हवा यांनी प्रतिक्षेप शोषण्याची पद्धत रूढ झाली.

प्रतिक्षेप शोषण्याऐवजी तो तोलण्यासाठी दारूच्या वायूचा सर्वांत पूर्ण उपयोग प्रतिक्षेपरहित तोफेत होतो. भारतीय सेनेतील ८४ मिमी. कार्ल गुस्ताफमध्ये तो मागील झोतनळीतून सोडून गोळ्याचा संवेग तोलला जातो. त्यासाठी दारू अधिक लागते आणि डागताना तोफेच्या मागे कोणीही उभे राहणे प्राणघातक ठरू शकते.